‘^ आणि $ ही पंडितांची हौस’ म्हणणाऱ्यांना

काळी_खिडकी:
काल इथे कुणीतरी ठासून लिहिलंय, ‘ग्रेपला नुसता शब्द द्या, नको त्या ओळी डोळ्यांनी गाळा. ^ आणि $ ही पंडितांची हौस.’ डोकंच फिरलं. ग्रेप म्हणजे फाइलमधून दिलेला मजकूर असलेल्या ओळी काढून देणारी आज्ञा; तिच्यात ^ म्हणजे ओळीची सुरुवात, $ म्हणजे ओळीचा शेवट. रेडहॅट लिनक्सच्या मशीनवर पासवर्ड फाइलमध्ये (दर ओळीत एक खातं, रकान्यांमध्ये कोलन) नुसतं ‘रूट’, म्हणजे मुख्य खातं, शोधा. रूटच्या जोडीला ऑपरेटर या दुसऱ्या खात्याचीही ओळ येते, कारण त्या खात्याची होम डिरेक्टरी (स्वतःचा फोल्डर) /रूट आहे. ‘^रूट:’ दिलं की एकच ओळ. रात्री दोनला क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, स्क्रिप्ट चालते तेव्हा डोळे कुणाचे लावणार?

साधा_माणूस:
ते ‘कुणीतरी’ म्हणजे मी. नाव घ्यायला लाज वाटते का? अख्खा शब्द हवा तर -डब्ल्यू आहे, अख्खी ओळ हवी तर -एक्स. चिन्हांची रांगोळी कशाला?

काळी_खिडकी:
-डब्ल्यू लावून बघितलंत का? स्लॅश आणि कोलन शब्दात धरत नाहीत, त्यामुळे ऑपरेटर तिथेच ठाण मांडून बसतो. आणि -एक्स म्हणजे दोन्ही टोकांना ^ आणि $ लावल्यासारखंच. मागच्या दाराने तुम्हीही तेच वापरताय.

लेखाशाखा_९:
मी सोडलाय तो $. आमच्याकडे सगळ्या याद्या एक्सेलमधून येतात. ‘पुणे$’ शोधलं की काही नाही, $ काढला की ढीगभर. साहेब मागे उभे.

खडूस_अ‍ॅडमिन:
विंडोजची फाइल. ओळ संपताना लाइनफीडच्या (नव्या ओळीच्या खुणेच्या) आधी कॅरेज रिटर्न असतो, म्हणजे ‘पुणे’ आणि ओळीचा शेवट यांच्यात एक न दिसणारं अक्षर. कॅट -ए ही आज्ञा मारा, ते दिसेल. हे टेलिप्रिंटरच्या काळातलं लोढणं अजून का ओढताय?

लेखाशाखा_९:
लिनक्सवाल्यांचा हा माज! आमचा पगार त्याच एक्सेलमधून निघतो. उपाय सांगा, इतिहास नको.

खडूस_अ‍ॅडमिन:
अक्षरं गाळणाऱ्या टीआर -डी ने ते अक्षर उडवा. नाहीतर $ च्या आधी [[:स्पेस:]]*, म्हणजे कितीही कोऱ्या जागा, टाका, त्यात तेही धरलं जातं. इतिहास विचारला नव्हता तर ‘माज’ तरी कशाला काढलात?

यमकवेडी:
भांडा तुम्ही. मला कवितेसाठी ‘न’ने संपणारे शब्द हवे होते. ‘न$’ दिलं तर ‘पान’, ‘रान’ आले, ‘पाने’ आला नाही, कारण मात्रा हे वेगळं अक्षर. इथवर झकास. पण ‘^क’ दिलं की ‘कमळ’बरोबर ‘क्षमा’ही येते! आपल्या लेखी क्ष स्वतंत्र, संगणकाच्या लेखी क, हलन्त आणि ष.

साधा_माणूस:
बघा, तुमचा ^ मराठीत पहिल्याच अक्षराला आपटला.

काळी_खिडकी:
आपटला कुठे? ओळीची सुरुवात बरोबरच धरलीय. ‘^क[^्]’ द्या, म्हणजे क नंतर हलन्त सोडून दुसरं कुठलंही अक्षर; क्ष जाईल.

यमकवेडी:
क्षबरोबर ‘क्रम’ आणि ‘क्या बात’ही जातील. आणि इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठी चालू असताना ^ दाबलं की ‘त्र’ उमटतो, $ दाबलं की रफार. प्रत्येक शोधाला चारदा कळफलक बदला. हे कुणाच्या डोक्यात येतं की नाही?

खडूस_अ‍ॅडमिन:
मराठी टायपिंगसाठी वेगळा धागा काढा.

यमकवेडी:
काढला होता. तिथे तुम्हीच ‘इंग्रजीत शोधा’ म्हणालात.

साधा_माणूस:
असो. स्क्रिप्टमध्ये ^ लावेन, तेवढं मान्य. टर्मिनलवर मात्र माझे डोळे पुरेसे आहेत. ऑपरेटरला माझा नमस्कार सांगा.