खर्रा सुटत नाही तो जनुकांमुळे (जीन्समुळे) का मनामुळे?

मेडिकलचौकवाला
धागा काढायचं कारण असं की परवा आमच्या पोट्टीच्या बारशात माझ्या साळ्याला सगळ्यांनी मिळून धुतला, का तर गाडी बघून येतो म्हणून दोनदा पानठेल्यावर जाऊन खर्रा (तंबाखू-सुपारी-चुना घोटलेली पुडी) खाऊन आला. "मनात आणलं तर एका दिवसात सुटते" हे मी पाच जणांच्या तोंडून ऐकलं, त्यातल्या तिघांनी जन्मात तंबाखूला बोट लावलं नाही. माझं मत, हा मामला मनाचा कमी आणि रक्ताचा जास्त. जुळ्यांच्या अभ्यासांत निकोटीनच्या व्यसनातला साधारण अर्धा वाटा आनुवंशिक निघतो. 2008 मध्ये पंधराव्या क्रोमोसोमवरच्या सीएचआरएनए5 जीनचा संबंध सापडला, त्यात एक अक्षर बदललेलं असलं की माणूस जास्त सिगारेट ओढतो. आणि हा जीन मजा वाढवत नाही बरं का, तो "बस झालं आता"ची घंटा बिघडवतो. 2011 मध्ये उंदरांवर दाखवलं, रिसेप्टरमधला (पेशीवर निकोटीन बसते ती जागा) या जीनचा भाग काढला की बाकीच्यांना नकोसा होणारा डोसही ते आरामात घेतात. दुसरा सीवायपी2ए6, लिव्हरमधलं एन्झाइम, निकोटीन फोडणारं. ज्याचं मंद चालते त्याच्या रक्तात निकोटीन जास्त वेळ टिकते, तो कमी ओढतो, त्याला सोडणंही सोपं जाते. म्हणजे मंद लिव्हरवाला संयमी आणि जोरात चालणारा ढिला, असं का?

बर्डीवाली
भाऊ, अर्धा वाटा म्हणजे लोकालोकांमधल्या फरकाचा अर्धा, तुमच्या साळ्याच्या खर्र्यातला अर्धा नाही. आणि तो सीएचआरएनए5 किती फरक पाडतो तेही सांगा ना, बदललेल्या जीनच्या एका कॉपीमागे दिवसाला एखादी सिगारेट जास्त. त्याच्यावर एवढा मोठा महाल?
इस्राएलमधल्या विमानातल्या केबिन क्रूवर 2010 मध्ये अभ्यास झाला, सगळे सिगारेट ओढणारे. तीन-साडेपाच तासांचं विमान आणि दहा-तेरा तासांचं विमान. तलफ वाढली ती उतरायची वेळ जवळ आली तेव्हा, मग विमान छोटं असो का मोठं. लहान विमान उतरताना जेवढी तलफ होती तेवढी लांबच्या विमानात तेवढेच तास झाल्यावर नव्हती. रक्तातलं निकोटीन दोन्हीकडे सारखंच उतरणार ना? मग ठेला दिसणार ही आशाच तलफ आणते. आपल्याकडे नवरात्रात नऊ-नऊ दिवस पुडीला हात न लावणारे कितीतरी आहेत, त्यांचे जीन्स काय घटस्थापनेला बदलतात?

पन्नीबाज
मी बोलतो, कारण इथं खाणारा मीच एकटा दिसून राहिलो. चौदा वर्षं, दिवसाला सहा पुड्या. ताई, नवरात्राचं बरोबर आहे, मी पण सोडतो, आणि खरंच एवढा त्रास होत नाही. पण दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला निघालो का पहिल्याच चौकात पाय आपोआप वळते. घोटायचा तो खसखस आवाज ऐकला की तोंडाला पाणी सुटते, डोकं नंतर विचार करते. याला मन म्हणा नाहीतर जीन म्हणा, मला दोन्हीवर मत नाही.

धंतोलीचा_दादा
तुम्ही दोघंही सिगारेटवर भांडून राहिले आणि हे नागपूर आहे! 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्व्हेत महाराष्ट्रात धूर काढणारे 3.8 टक्के आणि तोंडात ठेवणारे 24.4 टक्के. खर्र्यात चुना असतो, चुन्यानं निकोटीन मोकळं होऊन गालातून झपाट्यानं रक्तात उतरते. वर सुपारी, तिच्यातलं अरेकोलीन निकोटीनच्या काही रिसेप्टरांवर स्वतः पण थोडंफार काम करते. त्याच सुपारीनं पुढं तोंड उघडेनासं होते, सबम्युकस फायब्रोसिस, इथल्या कुठल्याही दाताच्या डॉक्टरला विचारा. गुटखा 2012 पासून बंद, खर्रा मात्र डोळ्यासमोर घोटून मिळते. घरापासून ऑफिसपर्यंत ठेले मोजा आधी, जीन्स मग मोजू.

बर्डीवाली
दादा, एकदम पटलं. आणि जीनवाल्यांना एक आठवण, रोनाल्ड फिशर, केवढा मोठा स्टॅटिस्टिशियन, पन्नासच्या दशकात म्हणत होता की कदाचित एकाच जीनमुळे लोक सिगारेट ओढतात आणि त्याच जीनमुळे कॅन्सर होतो, सिगारेट बिचारी निर्दोष. तो तंबाखू कंपन्यांचा सल्लागार होता. "रक्तातच आहे" हे कोणाला आवडते ते बघून बोलावं.

मेडिकलचौकवाला
फिशरचं मान्य, पण ताई, मी तंबाखू निर्दोष म्हटलं कुठं? मी म्हणतो माणूस निर्दोष. रक्तात आहे म्हणजे इलाज नाही असं पण नाही, व्हॅरेनिक्लीन ही गोळी तर निकोटीनच्याच रिसेप्टरवर अर्धवट बसते, तलफ कमी करते, वर खाल्लेल्याची मजा पण मारते. डॉक्टरला विचारूनच घ्यायची पण आहे ना. आणि तंबाखू सोडायच्या हेल्पलाइनवर, 1800-11-2356 वर, फोन फुकट लागतो. ठेल्यांचं मात्र दादाचं खरं, आमच्या गल्लीतच चार आहेत.

पन्नीबाज
भाऊ, साळ्याला एक विचारा, सकाळी उठल्यावर पहिला खर्रा किती वेळानं? मला डॉक्टरनं तेच पहिले विचारलं होतं. सिगारेटवाल्यांच्या फागरस्ट्रॉम टेस्टमध्ये (व्यसन किती पक्कं ते मोजणारी) हाच सवाल आहे म्हणे, पाच मिनिटांच्या आत असेल तर सगळ्यात जास्त मार्क. मी ब्रशच्या आधी.

मेडिकलचौकवाला
आत्ताच विचारलं. म्हणतो, "भाऊजी, उठल्यावर कायले, पुडी उशीखालीच राहते."