‘दमन’ आणि ‘मंदन’: खडकांतील सेंद्रिय द्रव्याची पक्वता

प्रश्न: भूशास्त्रीय अहवालाच्या अनुवादात व्हिट्रिनाइटच्या परावर्तनाचे ‘सप्रेशन’ आणि ‘रिटार्डेशन’ या दोन्हींसाठी मी ‘दमन’ हा एकच शब्द वापरला आहे. दोन्ही ठिकाणी मोजमाप अपेक्षेपेक्षा कमीच येते, म्हणून हे चालेल का?

उत्तर: चालू नये, असे मला ठामपणे वाटते. व्हिट्रिनाइट हा कोळशातला आणि गाळाच्या खडकांतला, वनस्पतींच्या लाकडी भागापासून बनलेला घटक. त्याच्या कणाला झिलई देऊन, वर तेलाचा थेंब ठेवून, ५४६ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली त्याची चकाकी मोजतात. खडक जितका तापलेला तितकी चकाकी जास्त, आणि साधारण ०.६ ते १.३ टक्के परावर्तन म्हणजे तेल तयार होण्याचा टप्पा. मोजली जाते ती चकाकी. पक्वता, म्हणजे उष्णतेने सेंद्रिय द्रव्य किती बदलले आहे, हे त्यावरून काढलेले अनुमान आहे, आणि अनुवादात हा भेद पुसला गेला की कारणेही एकमेकांत मिसळतात.

शैवालजन्य द्रव्याने भरलेल्या शेलमधील (चिखल घट्ट होऊन बनलेल्या पापुद्रेदार खडकातील) व्हिट्रिनाइटात अनेकदा हायड्रोजन जास्त असतो, त्यामुळे शेजारच्या कोळशाच्या थराइतकीच उष्णता सोसूनही त्याचे कण मंद दिसतात. हे ‘सप्रेशन’. खडक पक्व झालेला असतो, फक्त कणाची चकाकी ते सांगत नाही. म्हणून येथे ‘दबलेले परावर्तन’ म्हणावे. ‘दमन’ म्हटले की बंड मोडणारी बाहेरची सत्ता डोळ्यांपुढे येते, आणि तसे येथे काहीच नसते. ‘रिटार्डेशन’मध्ये मात्र छिद्रांतील द्रवाचा दाब फार वाढल्याने पक्व होण्याची क्रियाच रेंगाळते, असे मानले जाते, त्यासाठी ‘मंदन’ अगदी चपखल आहे.

नमुन्यांसाठी खणलेल्या खोल विहिरीच्या वरच्या थरांतून ढासळलेला चुरा नमुन्यात मिसळल्यानेही आकडा खाली येतो, तर जुन्या खडकांतून झिजून पुन्हा गाळात आलेले कण तो वर नेतात. ही निव्वळ भेसळ आहे. तिला यांपैकी कोणताही शब्द लावू नये.

पुरवणी प्रश्न: खडकांत घुसून थिजलेल्या शिलारसाच्या भित्तीजवळ (डाइकजवळ) परावर्तनाचा आकडा एकाएकी चढतो, त्याला काय म्हणावे?

उत्तर: प्रक्रियेला ‘स्पर्शतापन’ म्हणता येईल. पदार्थाला मात्र नवा शब्द घडवण्याची गरज नाही: झारखंडमधील झरियाच्या खाणींत, घुसलेल्या लॅम्प्रोफायर या अग्निज खडकाच्या उष्णतेने जागच्या जागी कोक झालेल्या कोळशाला ‘झामा’ म्हणतात, आणि भट्टीत जादा भाजलेल्या विटेलाही तिकडे हाच शब्द आहे. तो मराठीत जसाच्या तसा घ्यावा.