लहान मुलांना घेऊन पोर्ट ब्लेअर: तीन दिवस कसे बसवावेत?

कोरांटी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अंदमानला जातोय. आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा आणि सासूबाई (वय ६८, गुडघ्यांचा त्रास). रविवारी सकाळी ११ ला पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) उतरतो. तीन रात्री तिथे, बुधवारी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, तिथे दोन रात्री, शुक्रवारी दुपारी परत आणि शनिवारी दुपारचं विमान.

एजंटने दिलेला कार्यक्रम असा: रविवारी दुपारी चॅथमची लाकूड गिरणी, सोमवारी सेल्युलर जेल आणि समुद्रिका म्युझियम, मंगळवारी बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा, शुक्रवारी बोटीतून उतरून थेट रॉस बेट. मुलांना झेपेल का? ढकलगाडी न्यावी का? चार वर्षांच्या मुलाला बोट लागली तर काय करायचं?

दीपस्तंभ

हा कार्यक्रम पैसे भरण्याआधी बदलून घ्या, कारण यातल्या निम्म्या जागा त्या त्या दिवशी बंद असतात. चॅथमची गिरणी रविवारी बंद. सेल्युलर जेल सोमवारी बंद, समुद्रिकाही सोमवारीच बंद, मानववंशशास्त्र संग्रहालयही. रॉस (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) बुधवारी बंद असतं. तुमचा शुक्रवार चालला असता, पण तिकडच्या बोटी दुपारीच आटोपतात, त्यामुळे हॅवलॉकहून येऊन रॉस गाठणं जमणार नाही.

दुसरी गोष्ट सूर्याची. घड्याळ आपलंच, पण गाव पार पूर्वेला, जवळजवळ ९३ रेखांशावर. जानेवारीत पावणेसहाला लख्ख उजाडतं आणि सव्वापाचला सूर्य बुडतो. मुंबई-पुण्याच्या सवयीने नऊला नाश्ता आणि दहाला बाहेर असं केलंत, तर फिरण्याचे चांगले तास हॉटेलातच जातात आणि मुलं नेमकी ११ ते २ च्या उन्हात रस्त्यावर येतात. पहिल्याच रात्री मुलांना आठला झोपवा, सहाला उठवा. साडेसातपर्यंत बाहेर, बाराला खोलीवर, जेवण, झोप, मग तीनला पुन्हा बाहेर. हे एकदा बसलं की बाकीचं सोपं आहे.

मी असं बसवेन:

रविवारी काहीच ठरवू नका. जेवून झोपा आणि साडेतीनला कॉर्बिन्स कोव्हला जा. वाळूत खेळणं, शहाळं, सूर्यास्ताला परत. पाण्याबद्दल खाली कोणी लिहिलं नाही तर मी लिहीन.

सोमवारी सकाळी चॅथम. १८८३ पासूनची ही सरकारी गिरणी आहे आणि पुलावरून थेट बेटावर जाता येतं. पडौक या झाडाचे लालबुंद ओंडके, रुळांवरून सरकणारं लाकूड, भला मोठा करवती पट्टा, हे चार वर्षांच्या मुलालाही खिळवून ठेवतं. भुसा आणि आवाज खूप, कानाला त्रास होणाऱ्या मुलासाठी टोपी-रुमाल ठेवा. आवारात दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बचा खड्डा आहे, तो मुलीला दाखवा.

गिरणीशेजारच्या जेट्टीवरून बांबू फ्लॅटला वाहन-फेरी सुटते. आपल्याकडच्या सहलींमध्ये ती कधीच नसते, आणि मुलांसाठी माझ्या मते शहरातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे. समोरची लोखंडी फळी खडखडत उतरते, ट्रक-मोटारी-स्कूटर एकेक करून आत येतात, खलाशी हाताच्या खुणेने त्या बोटभर अंतरावर लावतो आणि मग माणसं चढतात. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. एका बाजूला बंदर आणि त्यातली जहाजं, दुसऱ्या बाजूला जंगलाचा डोंगर. फळी पूर्ण टेकेपर्यंत मुलांचा हात सोडू नका, आणि गाड्या उतरत असताना मधल्या जागेत उभे राहू नका.

टॅक्सी घेऊनच फेरीत चढा, कारण पलीकडून माउंट हॅरिएटचा (आता माउंट मणिपूर) चढ पायी होणारा नाही. वाटेत एका वळणावरून नॉर्थ बेचा दीपस्तंभ आणि माड दिसतात. जुन्या तांबूस २० रुपयांच्या नोटेच्या मागे हेच चित्र आहे. घरातून जुनी नोट शोधून न्या, मुलगी ती हातात धरून जुळवत बसेल. २०१९ च्या हिरवट-पिवळ्या नोटेवर वेरूळ आहे, ती इथे उपयोगाची नाही.

मंगळवारी सकाळी रॉस, दुपारी झोप, तीनला सेल्युलर जेल आणि तिथूनच संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम. दोन फेऱ्या वाचतात. हिंदी खेळ त्या दिवशी कितव्या वेळेला आहे हे आधी विचारा, सगळे खेळ हिंदीत नसतात. बसायला उघड्यावर, तेव्हा मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम.

बाराटांग रद्द करा. त्यावर वेगळं लिहितो.

दीपस्तंभ

बाराटांगचं गणित सांगतो. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, म्हणून जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ठरावीक वेळी ताफ्याने सोडतात. पहिला ताफा पहाटे सहाचा. तो गाठायला हॉटेल साडेतीन-चारला सोडावं लागतं. ताफ्यात शिरल्यावर थांबायला परवानगी नाही. मुलाला शू लागली, उलटी आली, तरी गाडी थांबत नाही. मग मिडल स्ट्रेटची फेरी, मग स्पीडबोटीने खाजणातून प्रवास, मग दीडेक किलोमीटर मुळं-दगडांची वाट, आणि तेवढंच परत. दहा-बारा तास. मुलगी एकटी असती तर जा म्हटलं असतं. चार वर्षांचा मुलगा आणि दुखरे गुडघे घेऊन नाही.

कधीही गेलात तरी: जारवांचे फोटो काढणं, त्यांना खाऊ देणं हा गुन्हा आहे. १९५६ च्या संरक्षण नियमावलीखाली कारवाई होते. गाडीच्या काचा बंद ठेवा आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की तिथे माणसं राहतात, तो त्यांचा परिसर आहे, आपण फक्त जाऊ देण्यात आलेले प्रवासी आहोत. ‘आदिवासी दाखवतो’ असं कोणी म्हणालं तर ती गाडी घेऊ नका.

गलबत

बोट लागण्याबद्दल. हॅवलॉकच्या (स्वराज द्वीप) खासगी बोटी बंद एसी केबिनच्या असतात, दीड ते अडीच तास. मोकळी हवा मिळत नाही, केबिन गार असते आणि मान खाली घालून फोनकडे बघणारं मूल पहिल्या अर्ध्या तासात उलटी करतं. म्हणून जागा घेताना खालचा मजला, मध्यापासून मागे. पुढच्या टोकाला आपट सगळ्यात जास्त. खिडकीजवळ बसवा आणि क्षितिजाकडे बघायला लावा. चित्रं रंगवणं, मोबाइल, गोष्टीचं पुस्तक, सगळं बंद.

पोट रिकामं ठेवायचं नाही आणि भरायचंही नाही. सुटण्याआधी तासभर कोरडी इडली किंवा टोस्ट. दूध, फळांचा रस, तळलेलं नको. आल्याची वडी मोठ्यांना आणि मुलीला चालते. औषध द्यायचं तर मुलांच्या डॉक्टरांकडून वजन सांगून लिहून घ्या आणि बोट सुटण्याच्या आधी द्या. मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. मोठ्यांची गोळी अर्धी करून चार वर्षांच्या मुलाला देणं तर अजिबात नको. हाताशी दोन जाड पिशव्या, ओला रुमाल, एक जास्तीचा शर्ट आणि शाल.

सगळ्यांची ओळखपत्रं न्या, मुलांचीही. आधार नसेल तर जन्मदाखला. जेट्टीवर तासभर आधी पोहोचा, सामान तपासतात. खासगी आणि सरकारी बोटी वेगवेगळ्या धक्क्यांवरून सुटतात, हॅडो आणि फिनिक्स बे. तिकिटावरचं नाव वाचून मगच रिक्षावाल्याला सांगा.

शुक्रवारी परत, शनिवारी विमान, हे बरोबर ठेवलंय. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात. विमानाच्या दिवशी हॅवलॉकहून निघणं हा जुगार असतो.

कोरांटी

बाराटांग रद्द केलं. दोन शंका राहतात. जेल बघून लहान मुलं घाबरतील का? आणि रॉसवर सासूबाईंना चालणं किती?

तुळशीवृंदावन

जेलचं सांगते. मुलांना आधी चाक समजावून सांगा: मधे टेहळणीचा मनोरा, त्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात इमारती. १८९६ ते १९०६ मध्ये बांधकाम झालं. आज सातपैकी तीनच उरल्या आहेत. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांचं तोंड शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचा चेहरा दिसू नये. हे समोर उभं राहून दाखवलं की नऊ वर्षांच्या मुलीला पूर्ण कळतं आणि ती स्वतःहून प्रश्न विचारू लागते.

मग एका कोठडीत घेऊन जा. साधारण साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. मुलांना पावलांनी मोजू द्या. झरोका डोक्याच्या खूप वर, त्यातून नुसतं आकाश. कडी बघा: दारापासून दूर, भिंतीत खाच करून त्यात बसवलेली, आतून हात घातला तरी पोहोचत नाही. मुलांना आतून प्रयत्न करू द्या. पण दार ओढून घेण्याचा खेळ नको, त्या जागेचा मान ठेवायचा हे मुलांना लगेच समजतं.

सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. जिने उंच आहेत. सासूबाईंना चढायचं असेल तर आरंभीच, दमण्याआधी. ४ जुलै १९११ ला सावरकरांना इथे आणलं. थोरले बंधू बाबारावही याच कारागृहात होते. कोलूच्या (तेलघाण्याच्या) खोलीत तेल गाळणाऱ्या कैद्याचा पुतळा आहे आणि खाली फाशीघर आहे. चार वर्षांच्या मुलाला फाशीघर टाळा, एकाने त्याला अंगणात पिंपळाखाली घेऊन थांबावं. ध्वनिप्रकाशात हाच पिंपळ बोलतो, तेव्हा त्याची ओळख आधीच झालेली बरी. अंधारात फटक्यांचे, ओरडण्याचे आवाज येतात. कडेला बसा, म्हणजे मुलगा घाबरला तर उठता येईल.

लागूनच गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे, बेटांवरचं मोठं सरकारी रुग्णालय. कुठे आहे ते लक्षात ठेवा.

ढकलगाडी नको. गाव चढउताराचं, पदपथ तुटक. पाठीवरची झोळी घ्या.

दीपस्तंभ

रॉसवर विजेवरच्या छोट्या गाड्या असतात, सासूबाईंना त्या घ्या. बोट आबर्डीन जेट्टीवरून, दहा-पंधरा मिनिटं. आलात त्याच बोटीने परतायचं असतं, म्हणून उतरताना बोटीचं नाव आणि सुटायची वेळ मोबाइलवर लिहून घ्या. वडासारख्या झाडांची मुळं चर्चच्या आणि बेकरीच्या भिंती कवटाळून बसली आहेत, तिथे मुलं रमतात. १८५८ पासून १९४१ पर्यंत इंग्रजांचा कारभार या एवढ्याशा बेटावरून चालायचा. हरणं माणसाळलेली आहेत आणि हातातली पिशवी ओढतात. मुलाच्या हातात खाऊ देऊ नका. मागच्या बाजूच्या समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या खड्या आहेत, सासूबाईंनी वरच थांबावं.

प्रवाळ

पाण्याचं राहिलं होतं. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, कॉर्बिन्स कोव्ह आणि वांडूरच्या किनाऱ्यालाही दिसलेल्या आहेत. जाळी लावलेल्या भागातच, जीवरक्षक असतानाच आणि उजेडातच पाण्यात जायचं. ओढ्याचं तोंड आणि खाजण यांच्या जवळ मुलांना सोडायचं नाही.

लाइफ जॅकेट घालून झालं की मुलाला दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांनी वर उचलून बघा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात तोंडावर येईल. लहान मापाचं मागा, मिळालं नाही तर त्या दिवशी पाणी नाही. काचतळाच्या बोटीतही हीच अट.

मुलीसाठी स्नॉर्कलिंगचा मास्क: पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने श्वास ओढायला सांगा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. केस आत अडकले की पाणी शिरतंच, घट्ट वेणी घाला. पहिली दहा मिनिटं कमरेइतक्या पाण्यात उभं राहून फक्त तोंडाने श्वास घ्यायचा सराव. पाठ भाजते ती इथेच, म्हणून पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हॉटेलवर त्या दिवशीची वेळ विचारा. पूर्ण ओहोटीत प्रवाळ उघडं पडतं आणि पाय कापतात. रबरी तळाचे बूट हवेत, चप्पल नको.

संध्याकाळी वाळूत बसू नका, सँडफ्लाय (वाळूतल्या बारीक माश्या) घोट्यांना चावतात आणि खाज आठवडाभर जात नाही. पायांना खोबरेल तेलाचा जाडसर थर आणि लांब पायजमा.

आणि शनिवारी विमानतळाला निघण्याआधी मुलांचे खिसे, बुटांचे तळ आणि वाळूच्या बादल्या रिकाम्या करा. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा नेता येत नाही, वन्यजीव कायदा लागू होतो आणि बॅगा क्ष-किरणात दिसतात. मुलांनी गोळा केलेल्या शंखशिंपल्यांचा किनाऱ्यावरच फोटो काढा आणि ते तिथेच ठेवायला सांगा. काउंटरवर हिसकावून घेतले की मुलं रडतात.