मदत हवी आहे: मायटोकाँड्रियल जीनोमवरून आद्य संधिपादांचा वंशवृक्ष मांडताना स्प्रिंगटेलचे स्थान

नमस्कार. आद्य संधिपाद (कीटक, कोळी, खेकडे, गोमी यांसारख्या सांधेदार पायांच्या) प्राण्यांचा वंशवृक्ष मी मायटोकाँड्रियल जीनोमवरून, म्हणजे पेशीतील मायटोकाँड्रियाच्या स्वतंत्र डीएनएवरून मांडत आहे. १३ प्रथिन-जनुकांचे अनुक्रम जुळवून, अमिनो आम्लांच्या पातळीवर मॅक्सिमम लाइकलीहूड (माहितीशी सर्वांत संभाव्य ठरणारा वृक्ष निवडण्याच्या) पद्धतीने वृक्ष काढला, की निम्फॉन ग्रॅसिले हा समुद्री कोळी गोचिडांच्या आणि माइटच्या गटात जाऊन बसतो, तर स्प्रिंगटेल (उड्या मारणारे, पंख नसलेले सहा पायांचे बारीक प्राणी) हे कीटकांपासून तुटून कवचधारींच्याही (खेकडे, कोळंबी वगैरेंच्याही) बाहेर पडतात.

पहिला निकाल मला ग्राह्य वाटत नाही. दोन्ही बाजूंची जनुके फार वेगाने बदललेली असल्याने लांब फांद्या (खूप बदल साचलेले वंश) नाते नसतानाही एकमेकींकडे ओढल्या जात असाव्यात; शिवाय निम्फॉनचा जनुकक्रमही (जीनोमवर जनुके ज्या क्रमाने येतात तो), ज्याला संधिपादांचा मूळ क्रम मानतात त्या लिम्युलसच्या (हॉर्सशू क्रॅबच्या) क्रमापासून बराच ढळलेला आहे.

खरा पेच दुसऱ्या निकालाचा आहे. स्प्रिंगटेल षट्पादांच्या (कीटक आणि त्यांचे सहा पायांचे नातलग यांच्या) बाहेर पडतात, असे २००३ मध्ये मायटोकाँड्रियल माहितीवरूनच 'सायन्स'मध्ये मांडले गेले, आणि त्यावर लगेच आक्षेपही आले. पुढे २०१४ मध्ये केंद्रकातील १,४७८ जनुकांच्या अभ्यासात सर्व षट्पाद एकाच शाखेत आले. जनुकक्रमाकडून निवाडा मिळेल अशी माझी अपेक्षा होती. लिम्युलसमध्ये ल्युसिन या अमिनो आम्लाच्या दोन्ही टीआरएनएंची (अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या आरएनएंची) जनुके मोठ्या रायबोसोमल आरएनएच्या आणि एनएडी-१ च्या जनुकांमध्ये शेजारी शेजारी असतात. कीटकांत आणि कवचधारींत मात्र त्यांपैकी एक उचलले जाऊन सीओएक्स-१ आणि सीओएक्स-२ या जनुकांच्या मध्ये आलेले दिसते. इतका स्वच्छ पुरावा या क्षेत्रात क्वचितच हाती लागतो. पण हा बदल स्प्रिंगटेलमध्येही असल्यामुळे ते गोमींच्या बाजूचे नाहीत एवढेच त्यावरून ठरते. कीटक, कवचधारी आणि स्प्रिंगटेल यांच्यातला आपसांतला क्रम त्यावरून ठरत नाही.

त्यामुळे पुन्हा अनुक्रमांकडेच वळावे लागते. नियंत्रक प्रदेश (डीएनएची प्रत बनण्याची सुरुवात नियंत्रित करणारा भाग) उलटला की डीएनएच्या दोन्ही पट्ट्यांवरील बेसांचा कल (कोणते बेस कुठल्या पट्टीवर जास्त येतात तो) उलटतो, आणि त्याचा परिणाम अमिनो आम्लांपर्यंत पोहोचतो. बुथिडे कुळातील विंचू आणि व्हरोआ माइट यांच्यात असा उलटलेला कल आहे, म्हणून नाते नसतानाही अशा जाती वृक्षात जवळ येऊ शकतात. त्या सरळ वगळाव्यात, की ठेवून अमिनो आम्लांचे सहा गटांत पुनर्संकेतन करून (एकसारखी आम्ले एकच धरून) कॅट प्रतिमान (अनुक्रमातील वेगवेगळ्या जागांना वेगळी आम्ल-पसंती देणारे) वापरावे? १३ जनुके मिळून जेमतेम ३,७०० अमिनो आम्ले भरतात. पुनर्संकेतनानंतर त्यांत इतक्या जुन्या फाट्यांचा माग शिल्लक राहतो का, ही मला मोठी शंका आहे.

बाह्यगटाबाबतही (वृक्षाचे मूळ ठरवण्यासाठी घेतलेल्या, संधिपादांबाहेरच्या प्राण्याबाबतही) सल्ला हवा आहे. मी मखमली किड्यांपैकी एपिपेरिपाटस बायोलेयी घेतला आहे, पण त्याच्या जीनोममधून अनेक टीआरएनए जनुके नाहीशी झालेली आहेत आणि क्रमही विस्कटलेला आहे. नात्याने अधिक दूरचा असला तरी प्रायापुलस कौडाटस या समुद्री किड्याचा जनुकक्रम संधिपादांच्या मूळ क्रमाशी बराच जुळतो. स्प्रिंगटेलचे स्थान तपासण्यासाठी यांपैकी कोणता घ्यावा, की दोन्ही बदलून पाहून स्प्रिंगटेल कोठे सरकतात यावरूनच निष्कर्ष काढावा? ज्यांनी अशी तुलना प्रत्यक्ष करून पाहिली आहे त्यांनी कोणत्या प्रतिमानाखाली काय फरक दिसला ते कृपया सविस्तर लिहावे.