जिवलग मैत्रिणीच्या यशाने मन जळते, त्याचे काय करावे?

प्रश्न

मी आणि माझी मैत्रीण एकाच काळात अनुवादाकडे वळलो. एकमेकींचे कच्चे खर्डे वाचणे आणि एकेका शब्दावरून तासन्‌तास वाद घालणे, असे आमचे नऊ वर्षे चालले आहे. यंदा तिचा पहिला अनुवाद पुस्तकरूपाने प्रकाशित झाला. माझा मात्र दोन वर्षांपासून अर्धवट पडून आहे. मी तिचे मनापासून अभिनंदन केले, निदान तसे दाखवले तरी, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. खरी लाज वाटावी अशी गोष्ट त्यानंतरची आहे. एका परीक्षणात तिच्या भाषांतरातील काही ठळक चुका दाखवल्या गेल्या, तेव्हा ते वाचताना मला क्षणभर आनंद झाला. तेव्हापासून मी तिचे फोन टाळते आहे. अपरिचित लेखकांच्या यशाने मला काहीच होत नाही, मग जिच्यावर माझा जीव आहे तिच्याच बाबतीत असे का व्हावे?

प्रतिसाद १

तुमच्या शेवटच्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे. जे वयाने, स्थानाने आणि कीर्तीने आपल्या जवळचे असतात त्यांचाच मत्सर वाटतो, हे अ‍ॅरिस्टॉटलने फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. मानसशास्त्रज्ञ अब्राहम टेसर यांनी पुढे त्याची अधिक नेमकी मांडणी केली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे व्यक्ती जितकी जवळची आणि तिच्या यशाचे क्षेत्र आपल्या स्वप्रतिमेसाठी जितके महत्त्वाचे, तितकी ती तुलना बोचते. तुमची मैत्रीण उत्तम पोहू लागली असती, तर तुम्ही तिचे कौतुक सगळीकडे सांगत फिरला असता.

परीक्षण वाचताना झालेल्या आनंदाबद्दल स्वतःला फार दोष देऊ नका. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्या व्यक्तीचा हेवा वाटतो तिच्यावर संकट आल्याची कल्पना करताना मेंदूतील सुखाशी निगडित भाग सक्रिय होतो. हेव्याच्या वेळी जाणवणारी वेदना ज्यांच्यात अधिक होती, त्यांच्यात हा प्रतिसादही अधिक होता. म्हणजे ज्याला तुम्ही दुष्टपणा समजता, तो बहुधा त्या दुखण्याला मिळालेला क्षणिक उतार होता. त्या क्षणानंतर तुम्ही कसे वागता, ते मात्र तुमच्या हातात आहे.

प्रतिसाद २

वरील माहिती योग्य असली, तरी रात्री दोन वाजता ती फारशी कामी येत नाही, हे अनुभवाने सांगतो. माझ्या धाकट्या भावाबाबत मी अनेक वर्षे याच अवस्थेत होतो. एकदा मोठ्या प्रामाणिकपणाच्या आवेशात मी त्याला सगळे सांगून टाकले. माझे मन हलके झाले, पण त्यानंतर तो माझ्यासमोर स्वतःच्या आनंदाच्या गोष्टी बोलेनासा झाला. म्हणून कबुली देण्याची घाई करू नका.

आपल्या भाषेतला एक भेद मला उपयोगी पडला. ‘मला तुझा हेवा वाटतो’ असे आपण समोरच्याला हसत सांगू शकतो. ‘मला तुझा मत्सर वाटतो’ असे सहसा कोणी तोंडावर म्हणत नाही, कारण हेव्यात ‘मलाही हवे’ असते आणि मत्सरात ‘तुला नको’ असते. मी कागदावर लिहून पाहिले की भावाकडचे नेमके काय मला हवे आहे. पैसा आणि मान हे लिहून लगेच खोडले. उरले ते एवढेच की, त्याने हाती घेतलेले काम पूर्ण केले आणि मी केले नव्हते. ते कळल्यावर रोख त्याच्यावरून माझ्याकडे वळला. ते सुखाचे मुळीच नव्हते, पण निदान त्यावर काही करता येण्यासारखे होते.

प्रतिसाद ३

थोडक्यात लिहिते. अशा वेळी दुसऱ्याच्या सुखाबद्दल ‘मुदिता’, म्हणजे आनंद, बाळगा, असा उपदेश नेहमी केला जातो. पतंजलींच्या योगसूत्रात मात्र मुदिता पुण्यवंतांसाठी सांगितली आहे. सुखी माणसांसाठी तेथे ‘मैत्री’ हा शब्द आहे. आनंद वाटलाच पाहिजे, अशी सक्ती स्वतःवर करू नका. मैत्रिणीसारखे वागणे तेवढे थांबवू नका, आणि फोन टाळणे हे नेमके तेच थांबवणे आहे.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. कागदावर मीही लिहून पाहिले आणि माझेही उत्तर ‘पूर्ण करणे’ हेच निघाले, त्यामुळे थोडे ओशाळायला झाले. काल तिला फोन केला. मत्सराविषयी काही बोलले नाही. माझी अडलेली दोन प्रकरणे वाचशील का, एवढेच विचारले आणि तिने लगेच होकार दिला. बोलता बोलता तिने दुसऱ्या पुस्तकाचे काम मिळाल्याचे सांगितले, तेव्हा पोटात पुन्हा तीच कळ आली. तरीही या वेळी मी फोन ठेवला नाही, ते पुस्तक कोणते आहे ते विचारले.