[मंडळ-यादी] ३० ऑगस्ट: आरती नक्की किती वाजता?

प्रेषक: सचिव
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

सर्वांना नमस्कार,

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या टीमची कालची एपी वृत्तसंस्थेची क्रमवारी आली आणि रात्रीतून माझ्या स्वयंसेवकांच्या तक्त्यातली अर्धी नावं गायब झाली. टेक्सास पहिले, पेन स्टेट दुसरे, आपण, म्हणजे ओहायो स्टेट, तिसरे. त्यातल्या पहिल्यांशी गेम बरोबर ३० तारखेला, दुपारी बारा वाजता, आपल्याच कोलंबसमध्ये. गणपतीसाठी हॉल त्याच दिवशी आपल्याकडे सकाळी नऊ ते पाच आहे. पत्रकावर आरती साडेबाराला छापली आहे.

कृपया 'रविवारी करू या' असं कोणी लिहू नये. ३१ला गौरी येतात, १ला जेवतात, घरोघरी कामं आहेत. आणि रविवार टेक्सासवाल्यांनीही मागून पाहिला होता, त्यांचंही कोणी ऐकलं नाही.

आरतीची वेळ बदलायची का, बदलायची तर किती, एवढंच हवं आहे. शुक्रवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: अण्णा (पॉवेल)

सचिव,

मूळ मुद्दा राहूनच गेला. चतुर्थी इथल्या वेळेप्रमाणे बुधवारी २७ला सूर्योदयाच्या आधीच संपते. म्हणजे मध्याह्नाला चतुर्थी आहे ती मंगळवारी, २६ला. पुण्याचं कॅलेंडर भिंतीवर लावलं की कोलंबसचा सूर्य पुण्याला उगवत नाही. मंगळवारी बसवलेला पाच दिवसांचा गणपती शनिवारीच उठतो. तेव्हा ३० तारखेला नुसती आरती नाही, विसर्जनही धरावं लागेल. बादलीची काय व्यवस्था आहे?

---

प्रेषक: खजिनदार

अण्णा, पंचांगाचा धागा वेगळा आहे, मागच्या वर्षी तो दसऱ्यापर्यंत चालला होता. कृपया तिकडे.

हॉलचं डिपॉझिट परत मिळत नाही. माझी सूचना: आरती साडेदहा, जेवण अकरा, पावणेबाराला हॉल मोकळा. ज्यांना गेम बघायची ते घरी पोचतील. पाचपर्यंतचं भाडं भरलंय ते वाया जाईल, पण त्याला इलाज नाही.

---

प्रेषक: माई (प्रसाद समिती)

खजिनदारांनी जेवणाची वेळ परस्पर अकरा केली हे वाचून बरं वाटलं. प्रसाद समिती अजून अस्तित्वात आहे, हे त्यांना कोणीतरी कळवावं.

उकडीचे मोदक साडेदहाच्या नैवेद्याला हवे असतील तर उकड पहाटे काढायला लागते. वळायला हात कोणाचे? जी मुलं नारळ खवून देतात, तीच त्या दिवशी पहाटेपासून अंगावर लाल रंग फासून स्टेडियमपाशी उभी असणार. मसालेभाताच्या वेळीही 'फक्त तासभर अलीकडे घेऊ' असंच ठरलं होतं. पुढे काय झालं ते सगळ्यांना आठवतंय.

---

प्रेषक: पथकातला (लेन अ‍ॅव्हेन्यू)

माई, लाल नाही, स्कार्लेट :)

आधी तातडीचं. पथकाचे सगळे ढोल माझ्या अपार्टमेंटच्या तळघरात आहेत, स्टेडियमपासून चालत जायच्या अंतरावर. शनिवारी सकाळी तिथून व्हॅन बाहेर काढणं विसरा. फॉक्सचा टीव्हीवरचा सकाळचा कार्यक्रम इथे, ईएसपीएनचा गेमडे इथे, आणि त्यात गेमडेचे जुने समालोचक ली कोर्सो यांचा हा शेवटचा गेमडे. पहाटेपासून रस्ते भरलेले असतील. ढोल शुक्रवारी रात्रीच हलवायला हवेत. कोणाकडे गॅरेज रिकामं आहे?

आता वेळेचं. खजिनदारकाका, साडेदहाने कोणाचाच फायदा नाही. ज्यांच्याकडे तिकीट आहे ते साडेदहाला डब्लिनच्या हॉलमध्ये आरती म्हणत उभे राहून बाराला सीटवर पोचत नाहीत, ३१५ हायवे त्या दिवशी बघा. ते तसेही येणार नाहीत. प्रश्न आहे टीव्हीवर बघणाऱ्यांचा. ते गेम संपल्यावर येतील, म्हणून आरती चारला ठेवा.

आणि 'पहिल्या हाफमध्ये निकाल लागेल, मग लोक येतीलच' असं जे फोनवर चाललंय, ते मनातून काढा. जानेवारीत अजिंक्यपद जिंकलेली टीम डोळ्यांसमोर ठेवून बोलू नका. त्यातले १४ जण ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या व्यावसायिक टीमकडे, गेले. डिफेन्सिव्ह लाइनमधले (बचावाच्या पुढच्या फळीतले) चारही गेले: सॉयर, टुइमोलोआउ, टायलीक विल्यम्स, हॅमिल्टन. चेंडू घेऊन पळणारे हेंडरसन आणि जुडकिन्स दोघेही गेले, पास झेलणारा एगबुका गेला. ऑफेन्सचा, म्हणजे हल्ल्याचा, कोऑर्डिनेटर कोच चिप केली एनएफएलच्या रेडर्सकडे, आणि डिफेन्सचा, म्हणजे बचावाचा, नोल्स तर चक्क पेन स्टेटला. म्हणजे ऑफेन्स हार्टलाइनकडे, डिफेन्स मॅट पॅट्रिशियाकडे, दोन्ही कोऑर्डिनेटर आपल्या जागी नवे. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून ऑफेन्स चालवणारा, अजून ठरलेला नाही. सेयिन की कीनहोल्झ, दोघांनीही कॉलेजात एकही गेम सुरुवातीपासून खेळलेली नाही.

उरलंय ते मात्र भारी आहे. जेरेमाया स्मिथ, कार्नेल टेट, मागे केलेब डाउन्स आणि सनी स्टाइल्स. पण याच टेक्सासने जानेवारीतल्या सेमीफायनलला, कॉटन बोलमध्ये, स्मिथला एक कॅच दिला होता, तीन यार्डांचा. आपण २८–१४ जिंकलो ते सॉयरने फंबल (त्यांच्या हातून निसटलेला चेंडू) उचलून ८३ यार्ड पळ काढला म्हणून. शेवटच्या तीन मिनिटांपर्यंत गेम कोणाचीही होती. तिकडेही क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग पहिल्यांदाच पूर्णवेळ, आणि त्याच्यापुढची ओ-लाइन (त्याला वाचवणारी फळी) जवळपास सगळी नवी. दोन्हीकडे ऑफेन्स चाचपडणार, डिफेन्स जड जाणार. कमी गुणांची, शेवटपर्यंत लोंबकळणारी गेम होईल. साडेतीनच्या आधी कोणी सोफ्यावरून उठत नाही.

---

प्रेषक: नाना (डब्लिन)

पथकातल्या बाळा, तुझं विश्लेषण चोख आहे. पण हे पहिल्यांदा होत नाहीये.

१० सप्टेंबर २००५. गणपती त्याच आठवड्यात बुधवारी बसले होते आणि शनिवारी टेक्सास इथे. तेव्हा गेम रात्री आठची, त्यामुळे आरती, जेवण, अथर्वशीर्षाची आवर्तनं सगळं दुपारी आटोपून आम्ही झब्ब्यावरच जर्सी चढवून गेलो. कोच ट्रेसल, जे हल्ली राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर आहेत. त्यांनी त्या रात्री दोन क्वार्टरबॅक आलटूनपालटून खेळवले, झ्विक आणि ट्रॉय स्मिथ. एकाला लय सापडतेय म्हणेपर्यंत दुसरा मैदानात. आम्ही २२–१६ पुढे होतो. शेवटची तीन मिनिटंही उरली नव्हती. टेक्सासच्या व्हिन्स यंगने चेंडू कोपऱ्यात टाकला, स्वीडने तो झेलला, आणि लाखभर माणसांचं स्टेडियम एका क्षणात गप्प झालं. वर एक सेफ्टी, म्हणजे आणखी दोन गुण. २५–२२. टेक्सास पुढे अजिंक्यपद घेऊन गेले.

म्हणून माझी चिंता सेयिन चांगला की कीनहोल्झ चांगला ही नाहीच. सरावाच्या कॅम्पमध्ये पहिले दिवस नुसतं हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, मग पूर्ण पॅड, असं करत मोजके सराव मिळतात. पहिल्या तुकडीबरोबरचे ते सराव दोघांत वाटले तर एकाचाही हात बसत नाही. कोच रायन डे यांनी एकाचं नाव घ्यावं आणि मोकळं व्हावं. पहिल्याच शनिवारी पहिल्या क्रमांकाशी गाठ असताना प्रयोग नकोत.

आरती चारलाच ठेवा.

---

प्रेषक: ताई (बँडवाल्या)

नाना, झब्ब्यावर जर्सी! फोटो आहे का?

हाफटाइमला आरती घ्या असं कोणीतरी सुचवलंय म्हणे (यादीवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर). कृपा करून नको. या गावात हाफटाइमला लोक चहाला उठत नाहीत, विद्यापीठाचा बँड बघतात. आमची लेक यंदा पुन्हा बँडमध्ये आहे. 'पुन्हा' म्हणजे आपोआप नाही हं. जुन्यांनाही दर ऑगस्टमध्ये नव्याने निवडचाचणी द्यावी लागते, मागच्या वर्षी होतीस म्हणून जागा राखून ठेवत नाहीत. महिनाभर उन्हात रोज तीच पावलं. स्क्रिप्ट ओहायोमध्ये (बँड मैदानावर चालत 'Ohio' अक्षरं काढतो) आयवर टिंब द्यायला जाण्याचा मान सूझाफोन या मोठ्या पितळी वाद्यवाल्यांनाच, तोही वरच्या वर्षातल्या मुलांना. आमची ट्रम्पेटवर आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही, पण तिचे बाबा दर वेळी दुर्बीण नेतात.

ढोलपथकालाही अशी चाचणी ठेवायला हरकत नाही. गेल्या वर्षी ताशा कोणाच्या हातात होता ते मी बोलत नाही.

---

प्रेषक: पथकातला (लेन अ‍ॅव्हेन्यू)

ताशा माझ्याच चुलतभावाच्या हातात होता, ताई. तो आता मिशिगनला, आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांकडे, शिकायला गेला आहे. यावर कोणी काही बोलू नये, घरात पुरेसं बोलून झालंय.

गॅरेज?

---

प्रेषक: अण्णा (पॉवेल)

मिशिगनचा विषय निघालाच आहे म्हणून. त्यांच्याशी सलग चार वर्षं हरलो आहोत, गेल्या नोव्हेंबरात १३–१०, तेही घरच्या मैदानावर. नंतर महिनाभराने अजिंक्यपदाकडे गाडी गेली ते ठीक, पण माझ्या ऑफिसात अ‍ॅन आर्बरचा, म्हणजे मिशिगनवाला, एक जण आहे, तो दर सोमवारी अजून तेरा-दहा म्हणूनच नमस्कार करतो. यंदा २९ नोव्हेंबरला तिकडे जायचंय. माझ्या लेखी कॅम्पची खरी परीक्षा ती आहे, टेक्सास नव्हे. टेक्सासशी हरलो तरी अजिंक्यपदाच्या बारा टीमच्या प्लेऑफला जागा मिळते, हे मागच्या वर्षी सिद्ध झालं: दोन गेम हरूनही आपण शेवटी नोटर डेमला ३४–२३ हरवलंच.

दुसरं, पॅट्रिशिया यांच्याबद्दल लोक नाकं मुरडतात. एनएफएलमध्ये डेट्रॉइटला हेड कोच म्हणून जमलं नाही हे खरं. पण माणूस शिक्षणाने एरोनॉटिकल इंजिनियर आहे आणि न्यू इंग्लंडमध्ये डिफेन्स सांभाळून सुपर बोल जिंकलेला आहे. मॅनिंगच्या पोराने कॉलेजात असला डिफेन्स पाहिलेला नसणार. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधी एक दाखवायचं आणि नंतर भलतंच करायचं, ही त्यांची जुनी खोड आहे. बाळा, तू दोन्ही कोऑर्डिनेटर नवे म्हणून काळजी करतोस, मला त्यातला एक तरी फायद्याचा वाटतो.

बादलीचं उत्तर आलं नाही.

---

प्रेषक: खजिनदार

चार वाजता आरती म्हणजे पाचला हॉल सोडायचा कसा? जेवण कधी? भांडी कोण घासणार? जादा तासाचं भाडं कोणत्या खात्यातून?

प्रोजेक्टर लावून हॉलमध्येच गेम दाखवली तर लोक बारालाच येतील आणि चारपर्यंत थांबतील. प्रोजेक्टर शाळेचा आहे, फुकट आहे. पडदा स्टेजवरच आहे.

---

प्रेषक: माई (प्रसाद समिती)

स्टेजवर गणपती आहेत.

---

प्रेषक: खजिनदार

बाजूला सरकवता येतील.

---

प्रेषक: माई (प्रसाद समिती)

पडदा सरकवता येईल.

---

प्रेषक: पथकातला (लेन अ‍ॅव्हेन्यू)
सोमवार, १८ ऑगस्ट

सेयिन! आज जाहीर झालं. नाना, तुमचं ऐकलं बघा, गेमच्या आधी बारा दिवस हातात ठेवून नाव घेतलं.

मला वाटलंच होतं. कॅलिफोर्नियाचा, आधी अलाबामाला गेलेला, तिथले कोच सेबन निवृत्त झाल्यावर इकडे आला. पास टाकताना हात विजेसारखा सुटतो. कीनहोल्झ पळायला चांगला आहे, गोल लाइनजवळ त्याचा उपयोग करतीलही. पण पहिल्या दिवशीच समोर टेक्सासचा पास-रश, थेट क्वार्टरबॅकवर धावून येणारा. आपल्या ओ-लाइनमध्ये डावी कड राखणाऱ्या लेफ्ट टॅकलवर माझा अजून विश्वास बसत नाही. सेयिनला पहिल्या क्वार्टरमध्ये दोनदा आडवा पाडला की पुढे काय, ते कळेल. धावायला पीपल्स आहे, वेस्ट व्हर्जिनियाहून आलेला डॉनल्डसन आहे. मी हार्टलाइन असतो तर पहिले दोन ड्राइव्ह नुसतं पळवलं असतं.

माझा अंदाज १७–१३, आपण. आरती चार.

---

प्रेषक: नाना (डब्लिन)

ढोल माझ्या गॅरेजमध्ये ठेवा. फक्त शुक्रवारी रात्री दहाच्या आत, आणि अंगणात वाजवून बघायचे नाहीत. शेजारी यंदा नवीन आहेत आणि ते ऑस्टिनहून आलेत.

२०–१७. आपण.

---

प्रेषक: माई (प्रसाद समिती)

मी कालपासून विचार करते आहे, तेव्हा आता ऐका.

नैवेद्य दुपारी चारपर्यंत ताटकळत ठेवायचा नाही. साडेअकराला छोटी आरती आणि नैवेद्य, घरी बसवतो तशी, जे असतील त्यांच्यात. त्याला उकडीचे एकवीसच मोदक, ते मी आणि ताई करू. बाकी सगळ्यांना तळणीचे. ते गुरुवारी-शुक्रवारी करून डब्यात राहतात. कितीही लांबली गेम तरी बिघडत नाहीत. बाराला जेवण, पंगत नाही, बुफे. गेम बघायची त्यांनी ताट घेऊन शेजारच्या वर्गात बसावं, प्रोजेक्टर तिकडे न्यावा. वर्गात वरणभात सांडला तर खजिनदार पुसतील. मोठी आरती आणि ढोल गेम संपल्यावर, पण पावणेचारच्या पुढे नाही. ओव्हरटाइम झाला तरी नाही.

---

प्रेषक: ताई (बँडवाल्या)

माई, मोदकांना मी आहे, पण नऊपर्यंतच. स्कल सेशनला सेंट जॉन अरीनात जायचं आहे, बँड तिथे गेमच्या आधी वाजवतो आणि टीमही येऊन जाते. वळून ठेवते, उकडायला दुसरं कोणी बघा.

---

प्रेषक: सचिव

माईंचं सर्वांना मान्य दिसतंय, तेच अंतिम. छोटी आरती ११:३०, मोठी ३:४५. सुधारित पत्रक रात्री पाठवतो. ढोल शुक्रवारी नानांकडे, व्हॅन माझी, उचलायला चौघं लागतील. मोदक उकडायला एक व्यक्ती हवी, नऊ ते साडेअकरा, गेमची आवड नसलेली असल्यास उत्तम. अण्णा, बादली मी आणतो, विसर्जन मात्र मंडळाच्या तारखेलाच.

---

प्रेषक: अण्णा (पॉवेल)

मंडळाची तारीख चूक आहे, पण असो. उकडायला माझी बायको येईल, तिला विचारलेलं आहे.

एक शंका. दिवाळीचा हॉल कुठल्या शनिवारचा घेतलाय?

---

प्रेषक: सचिव

१ नोव्हेंबर. जानेवारीतच मिळाला, तेवढाच मोकळा होता.

---

प्रेषक: पथकातला (लेन अ‍ॅव्हेन्यू)

त्या दिवशी पेन स्टेट इथे आहे. नोल्सला घेऊन.

---

प्रेषक: खजिनदार

डिपॉझिट भरलेलं आहे.