डिसेंबरात ठाण्याला जाऊन इम्प्लांट: तीन आठवडे पुरतील का?

प्रेषक: मंडळाचे एक सभासद

नमस्कार मंडळी,

दिवाळी जवळ आली की डिसेंबरच्या भारतवारीच्या तिकिटांबरोबर दातांच्या कामाचीही चौकशी मंडळाच्या ईमेल यादीवर सुरू होते. या खेपेस मी विचारतो. ठाण्यात मुक्काम तीन आठवडे. खालची डावी पहिली दाढ काढून दोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत इम्प्लांट आणि वरची कॅप दोन्ही होईल का? की सरळ ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेला दात) करून मोकळं व्हावं? शिवाय घरातल्या ज्येष्ठांची खालची कवळी जेवताना सतत उचलली जाते, त्यावर काही उपाय आहे का? डॉक्टरताई आणि लॅबवाले दादा, सवडीने पण सविस्तर लिहा ही विनंती.

---

प्रेषक: डॉक्टरताई (प्रॉस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दात बसवणाऱ्या तज्ज्ञ)

नमस्कार,

तीन आठवड्यांत दाढेचं पूर्ण काम करून घेऊ नका. कारण नीट सांगते, म्हणजे तिकडे कुणी आग्रह केला तरी तुम्हाला ठाम राहता येईल.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. बसवला त्या दिवशी तो घट्ट असतो, पण आटे हाडात रुतल्यामुळे, लाकडात स्क्रू पिळावा तसा. पुढच्या दिवसांत शरीर त्या आट्यांलगतचं दुखावलेलं हाड काढून टाकतं आणि त्या जागी नवं हाड घालायला घेतं. जुनी पकड सुटत जाते आणि नवी अजून यायची असते. पकड सगळ्यात कमी असते ती साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे नेमकी तुम्ही परतीच्या विमानात बसता तेव्हा. त्या काळात चावण्याचा भार येऊन इम्प्लांट १००-१५० मायक्रॉनपेक्षा जास्त, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीइतका हलत राहिला, तरी त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचं आवरण तयार होतं. मग तो कधीच जखडत नाही, काढावाच लागतो.

स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण निघता निघेना, तिथून हे शास्त्र सुरू झालं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. त्या पद्धतीत खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्यात सहा महिने थांबत. आता खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट आल्यामुळे चांगल्या हाडात दोन महिन्यांतही कॅप बसवतात. त्याच दिवशी दात बसवायची पद्धतही आहे, पण ती बेताने, आणि बहुतेक पुढच्या दातांसाठी, जिथे तात्पुरता दात चावताना समोरच्या दाताला लागणार नाही असा ठेवता येतो. एकट्या दाढेला ती चैन परवडत नाही.

म्हणून काम दोन फेऱ्यांत वाटा.

पहिली फेरी तीन आठवड्यांची. उतरल्यावर पहिल्या दोन दिवसांत सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) आणि रक्ताच्या तपासण्या करून घ्या. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आत इम्प्लांट बसवून घ्या, म्हणजे टाके काढायला सात ते दहा दिवस आणि वर एक आठवडा हाताशी राहतो. दुसरी फेरी तीन महिन्यांनंतर कधीही. तिला दहा-बारा दिवस पुरतात. पहिल्या दोन दिवसांत माप, मग लॅबचं काम, मग कॅप, आणि कॅप बसवल्यावर निदान तीन-चार दिवस तिथेच जेवून बघायचं. चावा उंच लागत असेल तर तो त्याच दिवसांत कळतो.

सीबीसीटीवर काय मोजतात ते तुम्हालाही कळलेलं बरं. खालच्या दाढांच्या मुळांखालून एक नस जाते, ओठ आणि हनुवटीला संवेदना देणारी. इम्प्लांटचं टोक आणि ती नस यांत २ मिमी मोकळी जागा लागते. म्हणजे १० मिमी लांबीचा इम्प्लांट घालायचा तर नसेच्या वर १२ मिमी हाड हवं. रुंदीला, ४ मिमी व्यासाच्या इम्प्लांटला दोन्ही बाजूंनी किमान एकेक मिमी हाड उरावं, बाहेरच्या बाजूला दीड असेल तर उत्तम. शेजारच्या दातापासून दीड मिमी अंतर, दोन इम्प्लांट असतील तर त्यांच्यात ३ मिमी. दाढ काढून दोन वर्षं झाली आहेत, त्यामुळे रुंदीची चौकशी मुद्दाम करा. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच हाडाची रुंदी निम्म्याच्या आसपास कमी होऊ शकते. साध्या एक्स-रेत उंची दिसते, रुंदी दिसत नाही. नुसत्या ओपीजीवर (पूर्ण जबड्याच्या साध्या एक्स-रेवर) कुणी तारीख देत असेल तर स्कॅनशिवाय पुढे जाऊ नका.

प्रत्यक्ष काम भूल देऊन होतं, एका दाढेला साधारण पाऊण तास. हिरडी उघडतात, बारीक ड्रिलपासून सुरुवात करून एकेक माप वाढवत जागा करतात आणि सगळा वेळ गार सलाईन सोडत राहतात. हे गार पाणी म्हणजे नुसता सोपस्कार नाही, हाड वाचवणं आहे: हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी पेशी मरतात, आणि बोथट ड्रिलने ते सहज तापतं. अशा जागी बसवलेला इम्प्लांट पहिल्या दिवशी छान घट्ट वाटतो आणि महिन्याभरात सुटतो. बसवताना सुमारे ३५ न्यूटन सेंटिमीटरचा टॉर्क (पिळण्याचा जोर) आला की पकड चांगली मानतात. जास्त जोर म्हणजे जास्त चांगलं असं नाही, हाड चिरडलं जातं.

नंतर पहिल्या दिवशी गालावर बर्फ, गार-कोमट मऊ जेवण (गुरगुट्या भात, वरण, दही), चूळ भरायची नाही, स्ट्रॉ नाही, तंबाखू अजिबात नाही. दुसऱ्या दिवसापासून ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या चुळा दोन वेळा, दोन आठवडे. त्यावर लगेच चहा घेतला तर दातांवर तपकिरी डाग पडतात. अर्धा तास जाऊ द्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, मग उतरते. चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं वाढायला लागलं तर दवाखान्यात जा. एक गोष्ट मात्र थांबून बघायची नाही: भूल उतरल्यावरही अर्धा ओठ बधिर राहिला तर त्याच दिवशी फोन करा. नसेवर दाब असेल तर पहिल्या दीड दिवसाच्या आत इम्प्लांट काढण्याचा किंवा मागे घेण्याचा उपयोग होतो, आठवड्यानंतर फारसा नाही.

ब्रिजबद्दल. ब्रिज दहा-बारा दिवसांत होतो, ती त्याची जमेची बाजू. पण एका दाढेसाठी शेजारचे दोन चांगले दात तासावे लागतात आणि रिकाम्या जागेतलं हाड झिजत राहतं. शेजारच्या दोन्ही दातांना आधीच कॅप किंवा मोठं फिलिंग असेल तर मी ब्रिजच सांगेन. दात धडधाकट असतील तर त्यांना हात लावू नये.

---

प्रेषक: लॅबवाले दादा

नमस्कार, ताईंनी हाडाचं सांगितलं, मी लॅबमध्ये बनणाऱ्या वरच्या भागाचं लिहितो.

कॅप वेगळ्या छोट्या स्क्रूने बसणारी मागा, सिमेंटने चिकटवलेली नव्हे. सिमेंटचा जादा थर हिरडीखाली राहिला तर दिसत नाही, एक्स-रेतही नेहमी दिसत नाही, आणि त्याच्याभोवती पू होऊन हाड उतरत जातं. स्क्रूच्या कॅपला चावायच्या बाजूने बारीक भोक असतं. आत स्क्रूच्या डोक्यावर पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा बोळा, नळाच्या आट्यांना प्लंबर गुंडाळतो तीच टेप, आणि वर दाताच्या रंगाचं फिलिंग. पुढे स्क्रू सैल झालाच तर फिलिंग उकरून, टेप ओढून, पाच मिनिटांत घट्ट करता येतो. इम्प्लांट फार तिरका असेल तर हे जमत नाही, म्हणून इम्प्लांट बसवण्याआधीच डॉक्टरांना सांगून ठेवावं.

स्क्रू कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच आवळायचा, बहुतेक २५ ते ३५ न्यूटन सेंटिमीटर, आणि दहा मिनिटं थांबून पुन्हा एकदा तेवढाच. पहिल्यांदा आवळल्यावर धातूचे बारीक उंचवटे दबतात आणि ताण थोडा उतरतो. हा दुसरा फेरा घाईत राहून जातो आणि कॅप काही महिन्यांत डुगडुगते.

आता यादीवरच्या सगळ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतं: कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर. त्याची एक प्रत तुमच्या हातात आलीच पाहिजे, अॅबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप यांमधला जोडभाग) याचं स्टिकर वेगळं. प्रत्येक कंपनीचा जोड आणि स्क्रू वेगळा, त्यामुळे इथल्या डॉक्टरांना नाव कळल्याशिवाय योग्य ड्रायव्हर आणि सुटे भाग मागवता येत नाहीत. नुसत्या एक्स-रेवरून इम्प्लांट ओळखणं अवघड काम आहे. स्ट्रॉमान, नोबेल बायोकेअर, ऑस्टेम यांसारख्या कंपन्यांचे भाग बऱ्याच देशांत मिळतात. जिथे राहता तिथे मिळणारीच कंपनी निवडा. स्टिकरचा फोटो काढा, मूळ कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.

खर्च विचारताना एकच आकडा घेऊ नका. त्यात स्कॅन, इम्प्लांट, हीलिंग कॅप (हिरडी भरेपर्यंतचं झाकण), अॅबटमेंट, वरची कॅप, लागलं तर हाड भरायची पावडर आणि तिच्यावरचा पडदा, हे काय काय धरलंय ते लेखी घ्या. ‘इम्प्लांट’ म्हणून सांगितलेल्या आकड्यात कधी कधी वरची कॅप नसते.

---

प्रेषक: मंडळाचे एक सभासद

दोघांचे मनापासून आभार. दोन शंका. मधुमेह आणि हाडं ठिसूळ होण्याचं औषध चालू असेल तर? आणि ती कवळी?

---

प्रेषक: डॉक्टरताई

मधुमेह असला म्हणून इम्प्लांट नाकारत नाहीत, तो ताब्यात नसेल तर थांबवतात. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ७ च्या आसपास असावं. ८ च्या वर असेल तर मी आधी साखर ताब्यात आणायला सांगेन. ही तपासणी विमानात बसण्याआधीच करा, म्हणजे पहिला आठवडा वाया जाणार नाही.

ठिसूळ हाडांच्या औषधाचं मात्र जपून. ॲलेंड्रोनेटच्या गोळ्या, झोलेड्रोनिक ॲसिडची किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शनं चालू असतील किंवा पूर्वी घेतली असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. या औषधांनी जबड्याची जखम न भरता हाड उघडं पडण्याचा धोका असतो. कर्करोगासाठीच्या मोठ्या मात्रेत बराच जास्त, गोळ्यांत कमी. वर्षातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन लोकांना ‘औषध’ वाटतच नाही आणि सांगायचं राहतं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या मनाने बंद करू नका. त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. एका इम्प्लांटला त्या बहुधा चालूच ठेवतात.

वरच्या दाढेचं काम असेल आणि सायनस (दाढांच्या वरची पोकळी) उचलून हाड भरलं असेल तर दोन आठवडे विमानप्रवास टाळा, नाक जोरात शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा. असं काम असेल तर पहिली फेरी चार आठवड्यांची ठेवा आणि कॅपसाठी सहा महिने धरा.

खालच्या कवळीसाठी पुढच्या भागात फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी बटणासारखी अडकवता येते. खाली एकही दात नसलेल्यांसाठी हाच पहिला पर्याय असावा, असं २००२ मध्ये मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं होतं, आणि मला ते पूर्ण पटतं. हनुवटीजवळ हाड बहुतेकांना पुरेसं उरलेलं असतं आणि नस बाजूला राहते. कवळी रात्री काढून धुता येते, त्यामुळे ज्येष्ठांना निगा सोपी. बरं होईपर्यंत जुनी कवळी आतून खरवडून मऊ अस्तर लावून घ्या, इम्प्लांटवर ती दाबता कामा नये.

डॉक्टर निवडताना बीडीएसनंतर एमडीएस कशात आहे ते विचारा: प्रॉस्थोडॉन्टिक्स, पेरिओ (हिरड्या) किंवा ओरल सर्जरी. नवी मुंबईत नेरुळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे दंत महाविद्यालयं आहेत आणि तिन्ही विभाग एका छताखाली आहेत. ठाण्याहून नेरुळला थेट लोकल आहे. गुंतागुंतीच्या केसला तिथे दुसरं मत घ्या.

शेवटची खबरदारी. खऱ्या दाताभोवती एक पातळ गादी असते, तिच्यामुळे खडा लागला की आपण चटकन थांबतो. इम्प्लांटला ती गादी नाही, जास्त भार पडला तरी कळत नाही. म्हणून सुपारी फोडणं, ऊस सोलणं त्या बाजूने नको, आणि रात्री दात खात असाल तर नाइट गार्ड लावा. कॅप हलली तर बहुतेक वेळा वरचा स्क्रू सैल झालेला असतो, इम्प्लांट शाबूत असतो. त्यावर चावत राहिलं तर स्क्रू तुटतो आणि तुकडा आत अडकतो. त्या बाजूने जेवणं थांबवा आणि स्टिकर घेऊन डॉक्टरांकडे जा.

---

प्रेषक: लॅबवाले दादा

कवळीच्या बटणांत नायलॉनचे छोटे वॉशर असतात, ते साधारण वर्षाने झिजतात आणि कवळी पुन्हा ढिली होते. लोकेटर पद्धतीच्या बटणांत पारदर्शक वॉशर सगळ्यात घट्ट, गुलाबी मध्यम, निळा हलका. हातात जोर नसलेल्या ज्येष्ठांना निळ्यापासून सुरुवात करा, नाहीतर कवळी काढताच येत नाही. परत निघताना निळ्या आणि गुलाबी वॉशरचा एकेक जोड मागून घ्या.